बेरीज जुळली, सही केली

आमच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत दोन गोष्टी आपोआप चढतात. पत्र्यावर गंज आणि माणसांवर किस्से. पत्रा निदान रंगवता तरी येतो, किस्सा रंगवायला गेलं की आणखी फुगतो! पोलादपूरहून कंपनीची बस निघाली की महाड येईपर्यंत चार किस्से तयार व्हायचे आणि परतीच्या बसमध्ये त्याच चारांचे आठ झालेले असायचे. त्यातले निम्मे मीच तयार केले असा माझ्यावर आरोप आहे. आरोप खरा आहे. पण आज सांगतोय ते कम्प्युटर रूमचे किस्से. त्यात मी जिथे जिथे गाढव ठरलोय, तेवढा भाग तरी डोळे मिटून खरा धरा. स्वतःला गाढव ठरवायला कोण थापा मारेल?

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या कंपनीत कापड रंगवायची रसायनं व्हायची. म्हणजे कामगार घरी गेला की आज कुठला रंग काढला हे बायकोला त्याच्या कानामागे बघून कळायचं. अशा ठिकाणी मुंबई ऑफिसने एक दिवस कम्प्युटर धाडला.

आजच्यासारखा टेबलावर मावणारा नव्हे. दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी उभी करा, एवढा. आणि नाव काय, तर मिनी कम्प्युटर! मिनी एवढा तर थोरला केवढा असेल, या काळजीने आमचे हेडक्लार्क मोघे दोन दिवस धड जेवले नाहीत.

अख्ख्या प्लांटमध्ये एसी फक्त दोघांना होता. एक साहेबांना, म्हणजे आमच्या प्लांट मॅनेजरना, आणि आता एक कम्प्युटरला. साहेबांचा एसी बिघडला की मेकॅनिक पंधरा दिवस फिरकत नसे. कम्प्युटरचा बिघडला तर मुंबईहून स्पेशल जीप! साहेब एकदा घाम पुसत म्हणाले, "मोरे, पुढच्या जन्मी मी कपाट होणार." जिथे साहेबच त्या मशिनवर जळत होते, तिथे बाकीच्यांचं काय बोलावं? बॉयलरवरची माणसं तर जेवणाच्या सुट्टीत कम्प्युटर रूमच्या दाराच्या फटीला पाठ लावून रांगेत उभी राहायची. प्रत्येकाला दोन मिनिटं. रांग मोडली म्हणून एकदा मारामारीसुद्धा झाली.

मशिनला धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर काढायचा नियम. दारासमोर देवळासारखी चपलांची रांग. त्यामुळे आत कोण आहे हे बघायला दार उघडावं लागायचं नाही. करकरणाऱ्या कोल्हापुरी दिसल्या की मोघे आत. चकाकणारे काळे बूट दिसले की साहेब आत, आपण पळा. अंगठ्याला तार मारलेली चप्पल म्हणजे मी.

आणि रांगेच्या टोकाला, भिंतीला टेकवून नीट ठेवलेली तपकिरी सँडल म्हणजे सुजाता पवार.

*

सुजाता पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याची. वडील शाळामास्तर, घरची थोडी भातशेती, पोरगी गणितात बी. एस्सी. उंच, कमी बोलणारी. आमच्या दोघांची कम्प्युटरवर नेमणूक झाली आणि तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला मुंबईला रवानगी झाली.

तीन आठवड्यांत मी नऊ नवे विनोद शिकून आलो. ती दोनशे पानांची वही भरून आली.

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, "काय शिकलात?" मी एक विनोद सांगितला. साहेब पोट धरून हसले. मग सुजाताने वही पुढे केली. साहेबांनी दोन पानं उलटली आणि त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, "मोरे, बस खाली."

तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला ओव्याचाही उपयोग झाला नाही. आमची ही विचारायची, "सुजाताताई एवढी चांगली पोर, तुमचं काय वाईट केलंय तिने?" तेच तर दुखणं होतं हो! काही वाईट केलं असतं तर उघड भांडलो नसतो का? बुद्धपौर्णिमेला ती सगळ्या स्टाफला पुरेल एवढी खीर घेऊन आली. मी नको म्हणालो. मोघ्यांनी माझ्या वाट्याची खाल्ली आणि दिवसभर माझ्यासमोर बोटं चाटत हिंडले!

*

आता चेकसमचं सांगतो.

दर गुरुवारी प्लांटचा सगळा डेटा फ्लॉपीवर भरून मुंबईला जायचा. तेव्हाची फ्लॉपी भाकरीएवढी आणि भाकरीपेक्षा नाजूक. ती घेऊन एसटीने जायचे आमचे शिपाई गणूमामा, तुडीलचे. एकदा मामांना एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी जागा मिळाली. फ्लॉपी ठेवली इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर. वर जेवणाचा डबा ठेवला, म्हणजे उडायला नको! मुंबईत फाइल उघडली तर निम्म्या कामगारांच्या नावांच्या जागी नुसत्या चांदण्या.

मुंबईचा हुकूम आला. यापुढे प्रत्येक फाइलचा चेकसम काढायचा आणि पाकिटावर लिहायचा. एकाने काढायचा, दुसऱ्याने पुन्हा चालवून तपासायचा आणि रजिस्टरमध्ये सही करायची.

गणूमामांनी विचारलं, "ह्यो चेकसम काय असतो रे?"

मी म्हटलं, "मामा, मशिनच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. फाइलमधली सगळी अक्षरं घ्यायची, त्यांच्या आकड्यांची बेरीज करायची, ती पाकिटावर लिहायची. मुंबईवाले तिथे पुन्हा बेरीज करणार. जुळली तर फाइल धडधाकट पोचली. वाटेत एक अक्षर जरी बिघडलं तरी बेरीज चुकणार."

मामांनी रिकामं पाकीट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्यावर भरवसा नाय तुमचा!"

प्रोग्रॅम मी लिहिला. सुजाता रजेवर होती, ती संधी मी सोडतो का! माझा प्रोग्रॅम असा: फाइलमधलं एक अक्षर उचलायचं. सगळ्या अक्षरांचा एक तक्ता केलेला, त्यात ते वरून खाली शोधायचं. सापडलं की समोरचा आकडा घ्यायचा आणि बेरजेत टाकायचा. मग दुसरं अक्षर. फाइलमध्ये अक्षरं चारपाच लाख!

सकाळच्या चहाला प्रोग्रॅम चालू केला. चहा झाला. जेवण झालं. मोघ्यांची जेवणानंतरची डुलकी झाली. गणूमामा मध्येच तुडीलला जाऊन, नाचणी दळून, घरच्या म्हशीला पाणी दाखवून परत आले तरी मशिन आपलं घरघरतंय. चार तासांनी आकडा पडला. मी टाळी वाजवली. साहेबांनी पाठ थोपटली. "शाब्बास मोरे! काम अवघड दिसतंय!"

"खूप अवघड, साहेब," मी म्हटलं. त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीजवळ बसलो. उभ्या आयुष्यात एवढा मोठा वाटलो नव्हतो स्वतःला.

मामांची एसटी मात्र चुकली होती.

*

सोमवारी सुजाता रजेवरून आली. माझा प्रोग्रॅम वाचला. मी शेजारी बसून कौतुकाची वाट बघत होतो.

"मोरेदादा, तुम्ही अक्षर शोधत का बसता?"

"मग? न शोधता आकडा कसा कळणार?"

तिने दाराकडे बोट केलं. बाहेर स्टुलावर गणूमामा बसले होते. "मामा घरी बाप आहेत आणि इथे शिपाई. माणूस एकच ना? त्यांना शिपाई म्हणायला तुम्ही आधी तक्त्यात शोधता का? मशिनमध्ये पण तसंच करता येतं. एकाच जागेला दोन नावं द्यायची. एका नावाने हाक मारली की ते अक्षर, दुसऱ्या नावाने मारली की तोच आकडा. शोधायचं कामच नाही!"

मी माझा तक्ता हळूच वहीखाली सरकवला.

"आणि एकेक अक्षर कशाला उचलायचं? दोन दोनची जोडी घेतली की निम्म्यात काम. फाइल वाचायची ती पण एकेक ओळ नको, मोठा गठ्ठाच घ्यायचा. आमच्याकडे मळणी झाल्यावर भात दाणा दाणा मोजून पोत्यात भरत नाहीत, मोरेदादा. माप लावतात."

तिने सकाळी लिहायला घेतलं, दुपारी चालवलं. मी मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोललो, की हिचा प्रोग्रॅम अडकू दे.

अकरा मिनिटं! चार तासांचं काम अकरा मिनिटांत. मी घड्याळ कानाला लावून बघितलं, बंद पडलंय की काय म्हणून. चालू होतं. मेलं नेमकं त्याच दिवशी चालू होतं!

साहेब धावत आले. बूट काढायचे विसरले, एवढे धावत आले. "अकरा मिनिटं? मग मोरे, तू चार तास काय करत होतास?"

उत्तर गणूमामांनी दाराबाहेरून दिलं. "शोधत व्हता, साहेब!"

पुढचा महिनाभर कंपनीच्या बसमध्ये मी चढलो की मागून कोणीतरी ओरडायचं, "मोऱ्या, जागा शोधू नको रे, चार तास लागतील!"

*

हे मी मुकाट्याने ऐकून घेतलं असेल असं वाटतं तुम्हाला? मीही रात्रंदिवस डोकं खाजवून नवा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्या स्टाफला बोलावून मांडला. अकरा मिनिटं नव्हे, चाळीस सेकंद!

सगळे आ वासून बघत राहिले. तीन वेगवेगळ्या फाइली चालवून दाखवल्या, पुन्हा पुन्हा चालवल्या, प्रत्येक फाइलचा आकडा दर वेळी तोच. मोघे म्हणाले, "वा मोरे, तू तर बाईला मागे टाकलंस!" कानाला इतकं गोड काही मी लग्नातल्या मंगलाष्टकांनंतर ऐकलं नव्हतं.

सुजाताने विचारलं, "मोरेदादा, गठ्ठा संपल्यावर पुढचा गठ्ठा कुठे मागवताय?"

"पुढचा म्हणजे?"

"फाइलमध्ये गठ्ठे खूप असतात ना."

मी पहिलाच गठ्ठा वाचून बेरीज करत होतो आणि दुकान बंद करत होतो. त्या दिवशी कळलं, की चार लाख अक्षरं वाचलीच नाहीत तर काम फार पटकन होतं! वाईट याचं वाटलं की ती हसली नाही. हळूच चूक दाखवली आणि बाकीच्यांना म्हणाली, "थोडंच राहिलंय, दादांचं होत आलंय." आता मला सांगा, अशा बाईवर माणसाने जळायचं नाही तर करायचं काय?

*

एक दिवस गणूमामा कम्प्युटर रूमच्या दारात बसून आपल्या मेव्हण्याची गोष्ट सांगत होते. हा मेव्हणा लग्नकार्यात वऱ्हाड मोजायचं काम करायचा. पोलादपूर स्टँडवर दोन गावांची दोन वऱ्हाडं, दोन गाड्या. चहाला म्हणून गाड्या थांबल्या. दोन्ही नवरे उतरले, दोघांच्या डोक्यावर बाशिंग, दोघांच्या तोंडासमोर फुलांच्या माळा. घाईघाईत हा त्या गाडीत आणि तो ह्या गाडीत!

"आणि मेव्हण्याने मोजलं नाही?" मी विचारलं.

"मोजलं ना! दोनदा मोजलं. जाताना बत्तीस, उतरताना बत्तीस. मोजणीत चूक नाय! मांडवात नवरीच्या भावाने माळा बाजूला केल्या तवा कळलं."

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोक्यात लख्ख दिवा लागला.

सुजाता जेवायला गेली होती. मी आत पळालो. एक जुनी फाइल घेतली. पाचव्या ओळीतला एक आकडा नवव्या ओळीत नेला, नवव्याचा पाचवीत आणला. बरोबर त्याच जागी, एका रांगेत. तिचा प्रोग्रॅम चालवला. अकरा मिनिटं मी नखं खाल्ली.

बेरीज तीच! नवरे बदलले होते आणि वऱ्हाड बत्तीसच होतं!

दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला भूक लागली. मी खाली जाऊन दोन प्लेट मिसळ खाल्ली. सुजाता पवारच्या प्रोग्रॅममध्ये भोक होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. आता खरं तर माझ्या प्रोग्रॅममध्येही तेच भोक होतं. पण माझ्या प्रोग्रॅममधली भोकं कोण मोजतंय?

*

त्याच सुमारास मुंबईहून बातमी आली. प्लांटसाठी प्रोग्रॅमरची एक जागा मंजूर झाली. एकच! माणूस आमच्या दोघांपैकी घ्यायचा. ज्याला मिळणार नाही त्याने परत आपल्या जुन्या जागी जायचं. माझी जुनी जागा म्हणजे स्टोअर, पत्र्याखाली, ड्रम मोजत. आणि तिची? तिला जुनी जागाच नव्हती. ती कम्प्युटरसाठीच घेतलेली. जागा गेली की तिने कापड्याला परत जायचं. मास्तर तोवर रिटायर झालेले आणि दोघं धाकटे भाऊ शिकत होते. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी तेव्हा काय केलं ते सांगतो, कारण लपवून आता काही उपयोग नाही.

साहेब मोठे हौशी. त्या आठवड्यात ते स्वतः कम्प्युटर रूममध्ये येऊन एका बोटाने काहीतरी टाइप करत बसले. आम्हाला दोघांनाही बाहेर काढलं. जाताना म्हणाले, "एक छोटी लिस्ट टाकलीय, ती पण या गुरुवारी जाऊ दे."

गुरुवारी सुजाताने सगळ्याचा चेकसम काढला, पाकिटावर लिहिला आणि जेवायला गेली. मी ती लिस्ट उघडली. स्टाफचे तिकीट नंबर, म्हणजे हजेरीपटावरचे, आणि प्रत्येकापुढे एकेक आकडा. बाकी काही नाही. माझ्यापुढे नऊ. सुजातापुढे सहा. मोघ्यांपुढे चार.

बघता क्षणी कळलं. बुटांची लिस्ट! दरवर्षी सगळ्या स्टाफला सेफ्टी शूज मिळायचे आणि मागणी मुंबईला जायची. माझा पाय नऊ नंबरचा. तरी खात्री करावी म्हणून बाहेर आलो आणि भिंतीला टेकवलेली तपकिरी सँडल उचलून उलटी केली. तळाला आकडा होता सहा! उंच बाई, डोंगरातल्या वाटांवर वाढलेला पाय, सहा असणारच. मोघ्यांचा चार बघून मात्र नवल वाटलं. एवढ्या माणसाचा पाय एवढुसा?

"काय रे," गणूमामा जिन्यावरून ओरडले, "बायांच्या चपला कशाला उचलतोस?"

"झुरळ होतं, मामा!"

आत येऊन मी माझा नऊ तिच्यापुढे टाकला आणि तिचा सहा माझ्यापुढे. मनात सगळं चित्र तयार होतं. मुंबईहून बूट येणार. बाईंना नऊ नंबरचे नांगर! सगळे हसणार. साहेब विचारणार, चेकसम जुळला असताना असं झालंच कसं? मग मी शांतपणे उठणार आणि त्या भोकाचं व्याख्यान देणार. मग कोण प्रोग्रॅमर होणार? त्यासाठी चार दिवस सहा नंबरच्या बुटात बोटं दुमडावी लागली असती तरी माझी तयारी होती.

सुजाता जेवून आली. म्हणाली, "दादा, तपासून सही करता ना? मामांच्या गाडीची वेळ होतेय."

मी तिच्यासमोर प्रोग्रॅम पुन्हा चालवला. अकरा मिनिटं. पाकिटावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा, शेवटच्या अंकापर्यंत एक.

"जुळली बेरीज," मी म्हटलं आणि रजिस्टरमध्ये झोकदार सही केली.

"तुम्ही तपासलंत म्हणजे मला काळजी नाही," ती म्हणाली.

*

तीन आठवड्यांनी बुटांची खोकी आली.

मी सगळ्यात पुढे. सुजाताने आपलं खोकं उघडलं, बूट घातले, दोन पावलं चालली. "छान बसले." मी तिच्या पायाकडे बघतच राहिलो. सहा! मी माझं खोकं उघडलं. नऊ! पाय घातला. लोण्यासारखा आत गेला.

मी मोघ्यांना विचारलं, "हे बरोबर कसे आले?"

मोघे आपल्या दहा नंबरच्या बुटाची नाडी बांधत होते. ते ताठ उभे राहिले. "बरोबर येणार नाहीत तर काय! बुटांची मागणी मी महिन्यापूर्वीच हाताने लिहून पोस्टाने धाडली होती. तुमच्या त्या कपाटावर कोण भरवसा ठेवतो?"

"हाताने?" मी म्हटलं. "मग साहेबांची ती लिस्ट..."

तेवढ्यात गणूमामा आले. "मोरे, सुजाताबाय, दोघांना पन साहेब बोलावतायत."

साहेबांच्या टेबलावर मुंबईचं पत्र उघडं पडलं होतं. एसी नेहमीप्रमाणे बंद होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सुजाता, अभिनंदन! प्रोग्रॅमरच्या जागेवर तुझी नेमणूक झाली. चांगलं केलंस, वडिलांना आजच कळव." मग माझ्याकडे वळले. "मोरे, तुला मी काय सांगू? मला काही कळेना झालंय. तू जुना माणूस, घर इथलं, पोरं लहान. मी स्वतः बसून सगळ्या स्टाफला दहापैकी मार्क दिले होते. तुला नऊ दिले. हिला नवीन म्हणून सहा. आळशी म्हणून मोघ्यांना चार. आणि मुंबईवाले लिहितात, तुमच्या शिफारशीप्रमाणेच नेमणूक केली!"



साहेबांनी सुजाताला विचारलं, "फाइल नीट पोचली होती ना? बेरीज जुळली होती?"

"हो साहेब. इथे जुळली, तिथेही जुळली." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "मोरेदादांनी स्वतः तपासली. रजिस्टरमध्ये सही आहे त्यांची."

साहेबांनी रजिस्टर मागवलं. पान उघडलं. सहीवर बोट ठेवलं. मग हळूहळू मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथून खाली, माझ्या पायांकडे.

"मोरे, चेहरा असा का झालाय? नवा बूट चावतो काय?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "अगदी मापात बसलाय."